आवाजी मतदान आणि दुधाचे माप : हरिभाऊ बागडे यांच्या अध्यक्षपदाचा पहिला दिवस

12 नोव्हेंबर 2014, बुधवार. मुंबईच्या विधानभवनात त्या दिवशी हरिभाऊ किसनराव बागडे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडून आले. काँग्रेसने वर्षा गायकवाड यांचा आणि शिवसेनेने विजय औटी यांचा अर्ज मागे घेतला. प्रथेप्रमाणे सत्ताधारी आणि विरोधी बाकांवरचे नेते नव्या अध्यक्षांना आसनापर्यंत घेऊन गेले, अभिनंदनाची भाषणे झाली. लहानपणी वर्तमानपत्रे विकून घराला हातभार लावलेला, मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा राज्याच्या सर्वोच्च सभागृहाच्या आसनावर बसला. पक्ष कोणताही असो, ते पाहून बरे वाटावे असाच तो क्षण होता.

त्याच दिवशी, त्याच आसनावरून, देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे बागडे यांनी जाहीर केले. बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, यातले काहीही कागदावर आले नाही. शिवसेना आणि काँग्रेसचे आमदार मतविभाजन मागत राहिले. सभागृहाच्या भाषेत सांगायचे तर ‘पोल’ मागत राहिले. पोल मिळाला नाही.

मला या एका दिवसाचे प्रकरण नीट उलगडून पाहायचे आहे. बागडे नानांची कारकीर्द मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. तरीही त्यांच्या अध्यक्षपदाबद्दल लिहायचे म्हटले की या दिवसाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

माणूस आधी पाहू. जन्म 1945 चा. गाव चित्तेपिंपळगाव, तेव्हाच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. घर शेतकऱ्याचे, परिस्थिती बेताची. संघाच्या शाखेतून घडलेला कार्यकर्ता, आधी जनसंघ आणि मग भाजप. 1985 मध्ये औरंगाबाद पूर्वमधून ते पहिल्यांदा विधानसभेत आले. 1995 च्या शिवसेना-भाजप युती सरकारात रोजगार हमी योजनेचे खाते त्यांच्याकडे होते. दुष्काळी भागातून आलेल्या मंत्र्याला हे खाते म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. मस्टर, माती, खडी, आठवड्याचा पगार, आणि तो थकला की तहसीलसमोर बसलेल्या बायका, असा तो सगळा कारभार. पुढे पराभवही वाट्याला आला. 2009 मध्ये फुलंब्रीत काँग्रेसचे कल्याण काळे यांनी त्यांना हरवले. 2014 मध्ये त्याच फुलंब्रीतून त्याच काळेंना हरवून नाना परत आले, तेव्हा वय सत्तरीला टेकले होते.

आमदारकी असो वा नसो, त्यांचे दुसरे काम चालूच असे, ते सहकारातले. जिल्हा दूध संघाचे अध्यक्षपद त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. मराठवाड्यात ऊस सगळ्यांच्या नशिबात नसतो, पाणीच नसते. दोन म्हशी, एक गाय आणि दर दहा दिवसांनी हातात येणारा दुधाचा पैसा यावर किती घरांची चूल पेटते हे दूध संघात बसणाऱ्याला बरोबर ठाऊक असते.

गावच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे काय चालते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना माझा मुद्दा चटकन कळेल. रांगेत किटल्या लागलेल्या असतात. दूध मापात ओतले जाते, लिटरचा आकडा मोठ्याने उच्चारला जातो. छोटा नमुना काढून फॅट लावले जाते. पूर्वी बुटीरोमीटरच्या काचेच्या नळीत बघत, आता यंत्रावर आकडा उमटतो. शेतकरी वाकून तो आकडा स्वतः बघतो. मग वहीत नोंद होते आणि चिठ्ठी हातात पडते. सचिव कितीही विश्वासाचा असला, सख्खा चुलता असला, तरी ‘दूध चांगले आहे, घ्या ओतून’ असे म्हणून कोणी किटली रिकामी करत नाही. माप सगळ्यांसमोर होते म्हणून सोसायटी टिकते. फॅटचा आकडा न दाखवता दूध घ्यायला लागलेली सोसायटी दोन हंगामांत बंद पडते. मी लहानपणी किटली घेऊन त्या रांगेत उभा राहिलो आहे. आकडा पाहिल्याशिवाय घरी यायचे नाही, अशी आईची ताकीद असे.

विश्वासदर्शक ठराव हेही एक मापच. 1994 च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा मुद्दा कायमचा निकाली काढला. सरकारला बहुमत आहे की नाही हे राजभवनात ठरायचे नाही, दिल्लीत ठरायचे नाही, ते सभागृहात ठरायचे. हे माप घेणारा माणूस म्हणजे अध्यक्ष. राज्यघटनेच्या 189 व्या कलमानुसार अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतात. तराजू ज्याच्या हातात त्याने पारड्यात बोट घालायचे नाही, अशी ती व्यवस्था.

आता त्या दिवशीचे आकडे. निवडणुकीचे निकाल 19 ऑक्टोबरला लागले होते. 288 जणांच्या सभागृहात भाजप 122, शिवसेना 63, काँग्रेस 42, राष्ट्रवादी 41. बाकी अपक्ष आणि लहान पक्ष मिळून 20. युती निवडणुकीआधीच तुटली होती. मुखेडचे भाजप आमदार गोविंद राठोड यांचे निकालानंतर आठवड्याभरातच निधन झाले. म्हणजे भाजप 121 वर आला, सभागृह 287 चे झाले आणि बहुमताची रेघ 144 वर. फडणवीसांचा शपथविधी 31 ऑक्टोबरला वानखेडे स्टेडियमवर झाला तेव्हा सरकार अल्पमतातले होते हे सगळ्यांना माहीत होते. राष्ट्रवादीने निकालाच्या दिवशीच बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. शिवसेनेशी बोलणी चालू होती, तुटत होती, पुन्हा चालू होत होती.

ही बेरीज पुन्हा करून पाहा. समजा त्या दिवशी पोल झाला असता. शिवसेना 63 आणि काँग्रेस 42 मिळून विरोधात 105. लहान पक्षांतले आणखी काही धरा. राष्ट्रवादीने नुसते हात बांधून बसायचे ठरवले असते तरी भाजपचे 121 आणि सोबतचे अपक्ष यांच्या जोरावर ठराव आरामात संमत झाला असता, कारण राज्यघटना उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे बहुमत मोजते. राष्ट्रवादीने बाजूने मत दिले असते तर 162 च्या पुढे.

म्हणजे सरकार पडणारच नव्हते. या प्रकरणातली मला सर्वांत जास्त खुपणारी बाब ही. मतविभाजनाने सरकारला धोका नव्हता, तरीही ते झाले नाही. मग गमावले काय? गमावली ती नोंद. राष्ट्रवादीचे 41 आमदार त्या दिवशी कुठल्या बाजूला होते, हे महाराष्ट्राच्या मतदाराला सभागृहाच्या कागदपत्रातून कधीच सांगता येणार नाही. निवडणुकीच्या प्रचारात याच दोन पक्षांनी एकमेकांवर काय काय आरोप केले होते, ते मतदार विसरला नव्हता. त्याने भाजपच्या विरोधात म्हणून घड्याळावर शिक्का मारला असेल, किंवा घड्याळाच्या विरोधात म्हणून कमळावर. आपल्या मताचे पुढे काय झाले हे बघायचा त्याचा हक्क त्या एका आवाजात बुडाला.

आवाजी मतदान स्वतःमध्ये वाईट नाही, हेही सांगितले पाहिजे. सभागृहाचे निम्म्याहून जास्त काम त्यावरच चालते. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. आवाज ऐकून अध्यक्ष आपला अंदाज सांगतात. तो अंदाजच असतो, आणि म्हणूनच त्याला आव्हान द्यायची सोय ठेवलेली आहे. कोणी पोल मागितला की घंटा वाजवायची, बाहेर गेलेल्यांना आत यायला वेळ द्यायचा, दारे लावायची आणि मोजायचे. पुरवणी मागण्यांवर कोणी पोल मागत नाही, म्हणून आवाजावर भागते. पण सरकार टिकते की जाते या प्रश्नावर, सभागृहाचा मोठा भाग उभा राहून ओरडत असताना, कानाने केलेल्या अंदाजावर थांबणे हे त्या सोयीचा मूळ हेतूच मोडणारे होते.

बागडे यांची बाजू अशी की मतविभाजनाची मागणी वेळेवर आली नाही. ठराव संमत झाल्याचे जाहीर झाले, कामकाज पुढे सरकले आणि मग ओरड सुरू झाली. तांत्रिक अंगाने या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पोल कधी मागायचा याचा एक क्षण असतो आणि विरोधकांकडून तो सुटला असेलही. शिवसेनेची त्या दिवशीची अवस्था दोन्ही डगरींवर पाय अशी होती. विरोधात बसायचे की सत्तेत जायचे हे त्यांचेच ठरत नव्हते. त्याच दिवशी त्यांचे एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते म्हणून घोषित झाले. काँग्रेसनेही सकाळपासून सावध राहायला हवे होते. विरोधकांच्या ढिलाईची जबाबदारी विरोधकांवरच.

पण अध्यक्ष म्हणजे नुसता घड्याळ लावून बसलेला पंच नव्हे. नियमांनी त्यांना विवेक वापरायची भरपूर जागा दिलेली आहे. पाच मिनिटे उशिरा का होईना, सभागृहातला दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचा पक्ष उभा राहून मोजणी मागतो आहे, तर ‘ठीक आहे, मोजू या’ एवढे म्हणायला कोणता नियम आडवा येत होता? अध्यक्षपदाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ते म्हटले असते, तर पुढची पाच वर्षे विरोधी बाकांवरून त्यांच्या निर्णयांकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले असते.

दुपारनंतर जे घडले ते आणखी वाईट. संयुक्त बैठकीपुढे अभिभाषणासाठी राज्यपाल सी. विद्यासागर राव विधानभवनात आले, तेव्हा काँग्रेस आमदारांनी त्यांना अडवले, धक्काबुक्की झाली. त्यावरून काँग्रेसचे पाच आमदार दोन वर्षांसाठी निलंबित झाले. राज्यपालांना अडवणे गैरच होते, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र सकाळी शांतपणे शिरगणती झाली असती तर दुपारी तो संताप विधानभवनाच्या आवारात उसळला असता का, हा प्रश्न उरतोच.

या प्रकरणाला शेवटपर्यंत निकाल लागला नाही, कारण 5 डिसेंबर 2014 रोजी शिवसेनाच सत्तेत सामील झाली. विरोधी पक्षनेते झालेले शिंदे मंत्री झाले. मोजणी मागणाराच पंगतीला बसला, मग माप कोण मागणार? सभागृहातल्या कार्यपद्धतीच्या चुकांमध्ये न्यायालयांनी शिरू नये असे राज्यघटनेचे 212 वे कलम सांगते, त्यामुळे तो रस्ताही अरुंद होता.

त्यानंतरची साडेचार वर्षे दोन ठळक प्रसंगांतून पाहता येतील. मार्च 2017 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी विरोधकांनी गोंधळ घातला, अर्थसंकल्पाच्या प्रती जाळल्या आणि काँग्रेस-राष्ट्रवादीचे 19 आमदार 31 डिसेंबरपर्यंत निलंबित झाले. पुढे ते निलंबन टप्प्याटप्प्याने मागे घेतले गेले. ठराव सरकारने आणला होता, अध्यक्षांनी तो मताला टाकला. हे सगळे नियमाच्या चौकटीतले असेलही, पण ज्याने आयुष्यभर शेतकऱ्याच्या घरात आणि दूध संघात दिवस काढले, त्याच्या आसनासमोर कर्जमाफीची मागणी करणारे 19 जण एका फटक्यात नऊ महिन्यांसाठी बाहेर जावेत, हे पाहताना मला वाईट वाटले होते. नानांनाही वाटले असेल, अशी माझी समजूत आहे.

दुसरा प्रसंग मार्च 2018 चा. अध्यक्ष आम्हाला बोलू देत नाहीत, पक्षपात करतात, असे म्हणत विरोधकांनी बागडे यांच्यावरच अविश्वासाची सूचना दिली. तिच्यावर चर्चा होण्याऐवजी मुख्यमंत्र्यांनी अध्यक्षांवर विश्वास व्यक्त करणारा ठराव मांडला आणि तोही आवाजी मतदानाने संमत झाला. युतीकडे तेव्हा भक्कम संख्याबळ होते. शिरगणती केली असती तर बागडे मोठ्या फरकाने जिंकले असते आणि तो आकडा त्यांच्या नावावर कायमचा लागला असता. पुन्हा एकदा माप न घेताच दूध ओतले गेले.

याला एकटे बागडे जबाबदार आहेत असे मी मानत नाही. आपल्याकडे अध्यक्ष पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो आणि पाच वर्षांनी पुन्हा त्याच पक्षाकडे तिकीट मागायला जातो. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, एक दार उघडे ठेवले आहे. अध्यक्ष झालेला माणूस पक्षाचा राजीनामा देऊ शकतो, पद सोडल्यावर परत जाऊ शकतो आणि त्याच्यावर पक्षांतराची कारवाई होत नाही. 1967 मध्ये लोकसभा अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी पक्ष सोडला होता. पण त्यांच्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. वकील अध्यक्ष झाले, प्राध्यापक झाले, साखर कारखानदार झाले, संकटाच्या क्षणी बहुतेकांचा कान आपल्याच बाकांकडे जास्त तीक्ष्ण राहिला. म्हणूनच कष्टकरी घरातून आलेल्या माणसाकडून माझी अपेक्षा जास्त होती. कायद्याची पदवी नसेल, इंग्रजी ग्रंथांचे दाखले तोंडपाठ नसतील, पण माप म्हणजे काय ते या माणसाला हाडामासात माहीत होते. ती अपेक्षा त्या दिवशी पुरी झाली नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

2014 ची आठवण वाया गेली नाही, असे पुढच्या घटनांवरून म्हणता येईल. 26 नोव्हेंबर 2019 रोजी, फडणवीस-अजित पवार यांच्या पहाटेच्या शपथविधीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आदेश देताना एकेक फट बुजवली. हंगामी अध्यक्षांनीच चाचणी घ्यायची, गुप्त मतदान नाही, आणि कामकाजाचे थेट प्रक्षेपण करायचे. त्यानंतर 30 नोव्हेंबरला उद्धव ठाकरे सरकारचा ठराव आला तेव्हा दिलीप वळसे पाटील आसनावर होते. भाजपने सभात्याग केला. शिरगणतीत एकेक आमदार उभा राहून आपले नाव आणि क्रमांक सांगत होता, टीव्हीवर लोक घरी बसून मोजत होते. बाजूने 169, तटस्थ चार. 4 जुलै 2022 रोजी शिंदे सरकारचा ठरावही असाच मोजून झाला. 164 विरुद्ध 99. ती दोन्ही सरकारे कशी आली याबद्दल तुमचे-माझे मत काहीही असेल. कोण कुठे उभा होता, हे मात्र कोणालाही नाकारता येत नाही.

निलंबनाच्या बाबतीतही माप आलेच. जुलै 2021 मध्ये भाजपचे 12 आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 28 जानेवारी 2022 रोजी न्यायालयाने सांगितले की चालू अधिवेशनापलीकडचे असे निलंबन घटनाबाह्य आहे. एखाद्या मतदारसंघाला वर्षभर प्रतिनिधीविना ठेवता येत नाही, असा त्यामागचा विचार. निकालात पहिले नाव होते आशिष शेलार यांचे. 12 नोव्हेंबर 2014 रोजी विश्वासदर्शक ठराव मांडणारे आमदारही तेच. त्या कसोटीवर 2014 ची दोन वर्षे आणि 2017 चे नऊ महिने घासून पाहिले तर काय दिसते, हे वाचणाऱ्याला सांगावे लागू नये.

बागडे 2019 मध्ये फुलंब्रीतून पुन्हा जिंकले, पुन्हा काळे यांनाच हरवून. 31 जुलै 2024 रोजी त्यांनी जयपूरमध्ये राजस्थानचे राज्यपाल म्हणून शपथ घेतली. चित्तेपिंपळगावच्या शेतकरी घरापासून जयपूरच्या राजभवनापर्यंतचा हा प्रवास जिल्ह्यातल्या लोकांना आपला वाटतो, आणि तो आहेच तसा. सरकारच्या बहुमताबद्दल शंका निर्माण झाली तर सभागृहात बहुमत सिद्ध करा असे मुख्यमंत्र्यांना सांगण्याचा अधिकार आता त्यांच्याकडे आहे. राजस्थानात तशी वेळ आलीच, तर त्यांच्या पत्रात ‘शिरगणतीने’ हा शब्द असावा, असे मला मनापासून वाटते.